झडती अंगाची, पिशवीची आणि घराची

अमली पदार्थांचा विषय आपल्या बैठकीत येतो तो बहुतेक वेळा एकाच दाराने. मुलगा गर्दच्या नादी लागलेला असतो, नवरा गांजा ओढून पडलेला असतो, घरातली भांडीकुंडी विकली गेलेली असतात आणि वस्तीतल्या बायका म्हणत असतात, पोलिसांनी हा अड्डा एकदाचा उठवावा. मग आपण निवेदन लिहितो, पोलिस ठाण्यावर मोर्चा नेतो, 'छापा घाला' म्हणून घोषणा देतो. त्यात गैर काही नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा सुळसुळाट झाला तेव्हापासून, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं त्या काळापासून, व्यसनाचा सगळा भार घरातल्या बाईवर कसा पडतो हे आपण सांगत आलो आहोत. आज गर्दच्या जोडीला एमडी आलं आहे. भार उचलणारी तीच आहे.

पण मैत्रिणींनो, छापा पडतो तेव्हा घरी कोण असतं? धंदा करणारा बहुधा नसतो. त्याला आधीच वास लागलेला असतो. घरात असते त्याची बायको, म्हातारी आई, बाळंतपणाला आलेली बहीण. पोत्यात, माळ्यावर, पिठाच्या डब्यात जे सापडतं ते तिच्यासमोर सापडतं, आणि पंचनाम्यात पहिलं नाव तिचं लागतं. आमच्या सल्ला केंद्रात अशा बायका येऊ लागल्या आहेत. खरं तर त्या स्वतः येत नाहीत, त्यांच्या आया-बहिणी येतात, कारण ती आत असते. आणि आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांची पहिली प्रतिक्रिया मी ऐकली आहे : 'ही केस आपली नाही. हुंडा, मारहाण, पोटगी असेल तर बघू. यात वकील काय ते बघतील.'

मला हे पटत नाही. पोलिस बाईच्या अंगाला हात लावतात, तिच्या घरात शिरतात आणि तिच्या अंगठ्याचा ठसा घेतात, तो प्रश्न आपला नसेल तर कुणाचा? मथुरेवर १९७२ साली पोलिस ठाण्यात बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, तिथून आपल्या चळवळीचं एक मोठं पर्व सुरू झालं. 'तिची संमती होती' हे शब्द तेव्हा आपल्याला झोंबले होते. झडतीच्या कागदावरही नेमके तेच शब्द असतात. तिथे मात्र आपलं लक्ष जात नाही.

कायदा आधी थोडक्यात बघू. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांविषयीचा कायदा केला, त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. कायदा कडक आहे. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोहून कमी असेल तर तो 'अल्प' समजतात, वीस किलोहून जास्त असेल तर 'व्यापारी'. हेरॉइनसाठी हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम, एमडीसाठी दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. अल्प मालाला एक वर्षापर्यंत कैद. व्यापारी मालाला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर किमान एक लाख रुपये दंड. आणि व्यापारी मालाच्या केसमध्ये जामीन जवळजवळ मिळतच नाही, कारण कलम ३७ प्रमाणे आरोपी दोषी नसावी असं मानायला सबळ कारण आहे, हे न्यायाधीशांना आधीच वाटावं लागतं. मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामिनाच्या अशाच कडक अटीतून बायकांना सूट देता येते. एनडीपीएसच्या कलम ३७ मध्ये तसा एक शब्दही नाही. पैशाचे घोटाळे करणाऱ्या बाईला जी सवलत, ती झोपडीतल्या बाईला नाही!

शिवाय इथे पुराव्याचा भारही उलटा आहे. नेहमीच्या केसमध्ये गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे माल ताब्यात होता एवढं सरकारने दाखवलं की तो आपल्या जाणिवेत नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं, अशी कलम ३५ आणि ५४ ची रचना आहे. म्हणजे सगळी केस झडतीवर उभी असते. झडती कुणी घेतली, कधी घेतली, कुणासमोर घेतली, आधी काय सांगितलं, यातच आरोपीचा बचाव असतो. कायदा करणाऱ्यांनाही हे कळत होतं. म्हणून शिक्षा जितकी कडक, तितकी झडतीची बंधनं कडक, असा तोल त्यांनी ठेवला.

त्यातलं मुख्य बंधन कलम ५० मध्ये आहे. एखाद्या व्यक्तीची अंगझडती घ्यायची असेल तर तिने मागणी केल्यास तिला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याकडे नेलं पाहिजे. त्या अधिकाऱ्याला झडतीचं कारण पटलं नाही तर त्याने तिला तिथल्या तिथे सोडून द्यायचं, पटलं तर झडतीचा आदेश द्यायचा. आणि याच कलमात चौथी ओळ अशी, की स्त्रीची झडती स्त्रीशिवाय कुणीही घेऊ नये.

आता 'मागणी केल्यास' हे शब्द बघा. आपल्याला असा हक्क आहे हेच जिला ठाऊक नाही, ती मागणी कशी करणार? हा प्रश्न न्यायालयापुढे वर्षानुवर्षं येत राहिला. १९९४ साली बलबीर सिंग खटल्यात आणि मग २१ जुलै १९९९ रोजी बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की हा हक्क आहे हे झडतीआधी त्या व्यक्तीला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सांगितलं नाही तर त्या अंगझडतीत सापडलेल्या मालाच्या एकट्या आधारावर शिक्षा देता येणार नाही. हे सांगणं लेखीच असलं पाहिजे असं मात्र न्यायालयाने म्हटलं नाही. मला ही त्या निकालातली लंगडी बाजू वाटते. तोंडी सांगितलं की नाही याचा साक्षीदार कोण? सांगणाराच.

मग पळवाटा आल्या. गोव्यातल्या जोसेफ फर्नांडिस खटल्यात अधिकाऱ्याने 'तुमची इच्छा असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेता येईल' अशा अर्थाचं काही सांगितलं होतं, हा तुमचा हक्क आहे असं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं. पालन साधारण झालं म्हणजे झालं, असा तो दृष्टिकोन. पुढे २०१० च्या ऑक्टोबरात, गुजरातच्या विजयसिंह जाडेजा खटल्यात पुन्हा पाच न्यायाधीश बसले आणि हे 'साधारण' त्यांनी नाकारलं. हक्क आहे हे सांगायचं, आणि काटेकोरपणे सांगायचं. नुसतं 'तुमची हरकत आहे का' विचारणं पुरेसं नाही.

आणि तरीही पंचनाम्याच्या भाषेत फारसा फरक पडलेला नाही. आमच्या केंद्राकडे आलेल्या एका केसमधला कागद माझ्यापुढे आहे. तालुक्याचं गाव, नवरा-बायको दोघं मजुरीला जाणारी, नवऱ्याच्या पुतण्याने ठेवलेलं पोतं, त्यात दोन किलोच्या वर गांजा. कागदावर आधीच छापलेला मजकूर आहे : 'आम्हांस कायद्याने मिळालेल्या हक्काची समज देण्यात आली असून आमचा आपणावर पूर्ण विश्वास असल्याने आमची झडती आपणच घ्यावी.' खाली नवऱ्याची सही, तिच्या अंगठ्याचा ठसा. कागद दोघांत मिळून एक. बाईला मराठी कळतं, पण घरात बोली वेगळी, आणि 'राजपत्रित' हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नव्हता. मी तिला तुरुंगात भेटले तेव्हा विचारलं, पोलिसांनी काय सांगितलं होतं? म्हणाली, "ताई, ते म्हणले अंगठा दे, घाबरू नको."

पूर्ण विश्वास! ज्या बाईने गणवेशातला माणूस दिसला की पोरांना आत ओढायचं एवढंच शिकलेलं आहे, तिला छापा घालायला आलेल्या सहा पुरुषांबद्दल अचानक पूर्ण विश्वास वाटतो, असं हा कागद सांगतो. आणि सत्र न्यायालयात तो वाचलाही जातो.

राजस्थानच्या परमानंद खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल फार उपयोगाचं सांगितलं आहे. तिथे दोघा आरोपींना मिळून हक्काची समज दिली होती आणि एकाने दोघांच्या वतीने सही केली होती. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही, प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं पाहिजे. त्याच खटल्यात आरोपींना तिसराही पर्याय दिला होता, की छाप्याबरोबर आलेल्या अधिकाऱ्यासमोरच झडती देता येईल. तेही बेकायदा ठरलं, कारण तो तटस्थ नाही. हा खटला दोन पुरुषांचा होता, पण मला तो वाचताना आपल्याच बायका दिसत होत्या. नवऱ्याची सही म्हणजे बायकोची संमती, हे रेशनकार्डापासून शेतीच्या सातबाऱ्यापर्यंत आपण बघतोच. झडतीच्या कागदावर तरी ते कायद्याने अमान्य आहे. अशी प्रत्येक केस आली की वकिलांपुढे परमानंदचं नाव घ्या.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तिकडे येते. कलम ५० मध्ये बाईला दोन संरक्षणं आहेत. एक, माझी झडती छाप्यात नसलेल्या तिसऱ्या अधिकाऱ्यासमोर घ्या असं म्हणण्याचं. दुसरं, अंगाला हात बाईचाच लागेल याचं. कागदावर ही दोन्ही एकत्र नांदतात. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या आड येतात. राजपत्रित अधिकारी स्त्री असावी असं कायदा म्हणत नाही. तालुक्याला जो उपलब्ध असेल तो येतो, आणि तो बहुधा पुरुष असतो. म्हणजे बाईपुढे पर्याय असा येतो : आत्ता इथे, ह्या शिपाई बाईकडून आडोशाला झडती दे, किंवा दुसऱ्या एका परक्या साहेबासमोर जाऊन दे. 'साहेबासमोर' या शब्दाचा अर्थ तिला कोण समजावून सांगणार? तिला वाटतं, त्याच्यादेखत लुगडं सोडावं लागेल. ती म्हणते, नको बाई, इथेच काय ते करा. झाली संमती.

यात तिचं अज्ञान आहे म्हणणं सोपं आहे. पण अब्रूची भीती आपण बायकांच्या अंगात लहानपणापासून मुरवतो आणि मग त्याच भीतीने तिने हक्क सोडला की त्याला स्वेच्छा म्हणतो. कायद्यात याचं उत्तर आहे, फक्त कुणी देत नाही. अधिकाऱ्याने झडतीचं कारण तपासायचं, आदेश द्यायचा, आणि प्रत्यक्ष झडती बंद दाराआड बाईने घ्यायची. फौजदारी प्रक्रियेचा कायदा आधीपासून सांगतो की बाईची झडती दुसऱ्या बाईने, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावी. २०२४ च्या १ जुलैपासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातही ते कायम आहे. साहेबाचं काम दाराबाहेर आहे हे पोलिसांनी तिला हक्क सांगतानाच सांगायला हवं. आणि शक्य तिथे अधिकारी स्त्रीच हवी. महाराष्ट्रात आज महिला तहसीलदार आहेत, महिला पोलिस उपअधीक्षक आहेत, महिला न्यायदंडाधिकारी तर कितीतरी आहेत. कलम ४२ मध्ये पोलिसांबरोबर महसूल खातंही आहे, तेव्हा छाप्यात नसलेल्या महिला तहसीलदारांना बोलावता येतं. प्रत्येक तालुक्यात अशा अधिकाऱ्यांची यादी पोलिस ठाण्यात लावणं अवघड का असावं?

त्या तिसऱ्या अधिकाऱ्याचं महत्त्व आपण ओळखलं पाहिजे. 'हिची झडती का घ्यायची आहे?' हा प्रश्न पोलिसांना विचारणारा सगळ्या प्रकरणातला तो पहिला माणूस असतो, आणि उत्तर पटलं नाही तर तिला घरी पाठवण्याचा अधिकार त्याला आहे. छाप्याच्या रात्री ह्या प्रश्नाची किंमत फार असते. दोन वर्षांनी साक्षीपुराव्यात तोच प्रश्न वकील विचारतात तेव्हा तिची पोरं नातेवाइकांकडे विखुरलेली असतात.

झडती घेणारी 'स्त्री' असावी एवढंच कायदा म्हणतो, 'महिला पोलिस अधिकारी' म्हणत नाही. त्यामुळे छाप्याला महिला शिपाई नेली नसेल तर शेजारच्या घरातली एखादी बाई बोलावून तिच्याकडून झडती घेतल्याची उदाहरणं आमच्यापर्यंत आली आहेत. त्या बिचारीची काय अवस्था होत असेल! जिच्याकडून रोज विरजण मागून आणायचं, तिच्या पोलक्यात हात घालायचा, मग पंच म्हणून सहीही करायची, आणि जन्मभर एका भिंतीला राहायचं. छाप्याला निघतानाच महिला पोलिस सोबत असली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

हे सगळं झालं अंगझडतीचं. पिशवीचं काय? बाई बाजाराला जाते ती पिशवी घेऊन, प्रवासाला जाते ती बोचकं घेऊन. अंगावर कुणी दोन किलो गांजा बांधून फिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हिमाचलच्या पवन कुमार खटल्यात ठरवलं की पिशवी म्हणजे 'व्यक्ती' नव्हे, त्यामुळे पिशवीच्या झडतीला कलम ५० लागू नाही. २०२३ साली रंजन कुमार चढ्ढा खटल्यात तेच पुन्हा पक्कं झालं. कायद्याच्या शब्दांशी ते सुसंगत असेल. पण बाईच्या पिशवीत तिचे बदलायचे कपडे असतात, पाळीची फडकी असतात, पोराचं दुपटं असतं. एसटी स्टँडवर चारचौघांत ती पिशवी उलटी करणं हे तिच्या अंगाला हात लावण्यापासून किती दूर आहे? मला हा निकाल बायकांच्या जगण्याकडे पाहून दिलेला वाटत नाही. तो बदलेपर्यंत एवढं तरी ध्यानात ठेवू : पिशवीत माल सापडला की 'हक्क सांगितला नाही' हा बचाव बहुधा टिकणार नाही. तिथे पंच कोण होते, माल कुठे सील केला, नमुना न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढला की नाही, यावर लढावं लागेल.

आणि घर. घराच्या झडतीला कलम ४२ आहे. खबर मिळाली तर ती लिहून घ्यायची, बहात्तर तासांत वरिष्ठांना तिची प्रत पाठवायची. वॉरंट नसेल तर झडती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. वॉरंट आणेपर्यंत माल लपवला जाईल असं वाटलं तरच रात्री, आणि तेही कारण आधी लिहून. शिपायाला हा अधिकार नाही, त्याच्या वरच्या हुद्द्याचा अधिकारी लागतो. रात्रीच्या छाप्यात कारण लिहिलं होतं का, हा पहिला प्रश्न. आणि दुसरी गोष्ट कायम वेगळी ठेवा : रात्री घराची झडती घेता आली म्हणून बाईला रात्री अटक करता येते असं नाही. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती लागते, महिला पोलिस अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

घराच्या बाबतीत खरी गोम कलम २५ मध्ये आहे. आपलं घर किंवा खोली दुसऱ्याला अशा गुन्ह्यासाठी 'जाणूनबुजून' वापरू दिली तर घरमालक किंवा तिथे राहणारा गुन्हेगार ठरतो. 'जाणूनबुजून' हा एकच शब्द बाईच्या बाजूने उभा आहे. तिला माहीत होतं का? माहीत असलं तरी तिने 'वापरू दिलं' का? ज्या घरात तिला कोणता पाहुणा कधी येणार हे कुणी विचारत नाही, कपाटाची किल्ली सासूकडे, जमिनीचा कागद दिराकडे, त्या घराची ती मालकीण फक्त पंचनाम्यापुरती होते. मी असं म्हणत नाही की बायका हा धंदा करत नाहीत. करतात. काही वस्त्यांत पुड्या विकणारी बाईच असते आणि तिला तिचा धंदा पुरता कळतो. पण ती आणि भाकरी थापताना पकडली गेलेली यांतला फरक करायला तपास लागतो, आणि तपास झडतीच्या कागदापाशी थांबतो.

नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे आता जागेच्या झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. मला हे चांगलं वाटतं. पोतं कुठून निघालं, बाई कुठे उभी होती, कागद वाचून दाखवला का, हे दिसेल. पण कॅमेरा पुरुष शिपायाच्या हातात असतो. अंगझडतीच्या वेळी तो दाराबाहेर राहिला पाहिजे, हक्क समजावून सांगताना मात्र तो चालू असला पाहिजे, असा स्पष्ट आदेश हवा. आज कॅमेरा नेमका उलटा चालतो की काय, याची मला धास्ती आहे.

अटकेनंतरच्या जबाबाबद्दल एकच सांगते. २०२० साली तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा कोऱ्या कागदावर अंगठा दिला म्हणून सगळं संपलं असं समजून तिच्या घरच्यांनी हातपाय गाळू नयेत. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पहिल्याच दिवशी करा.

आता आक्षेप. मागच्या शिबिरात एका मैत्रिणीने मला रागाने विचारलं, "तू ज्या तांत्रिक मुद्द्यांचं कौतुक करतेस, त्यावरच मोठे दलाल सुटतात. माझा भाचा गर्दने गेला. त्याला विकणारा सुटला." तिचा राग मी हलका करणार नाही. पण तो विकणारा कुणामुळे सुटला? ज्या अधिकाऱ्याने दोन ओळींचा हक्क सांगायला पाच मिनिटं काढली नाहीत, त्याच्यामुळे. कायदा पाळून घातलेला छापा कोर्टात टिकतो. आणि दलालाला चांगला वकील परवडतो, हे मुद्दे तो पहिल्या तारखेला काढतो. अंगठा दिलेल्या बाईच्या केसमध्ये तेच मुद्दे कुणी काढतच नाही. तांत्रिक मुद्द्यांचा फायदा मोठ्यांना होतो ही तक्रार खरी असेल, तर ते मुद्दे लहानांपर्यंत पोचवणं हेच आपलं काम आहे.

म्हणून छाप्याची मागणी करतानाही आपण काय लिहितो ते बदलायला हवं. 'ताबडतोब छापा घाला' याबरोबर निवेदनात हेही लिहा की छाप्यात महिला पोलिस असावी, घरातल्या बायकांना त्यांचा हक्क त्यांच्या बोलीत स्वतंत्रपणे सांगावा, चित्रीकरण व्हावं. आपण खबर देतो तेव्हाही जपून. वैरापोटी दिलेल्या खोट्या खबरीला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वाजवी संशय नसताना झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये! ही रक्कम १९८५ ची आहे आणि त्या अधिकाऱ्यांना अजून तीच पुरते.

आमच्या केंद्राने एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं आहे आणि बचतगटाच्या बैठकीत ते पाठ करून घेतो : 'मला मोठ्या अधिकाऱ्यासमोर किंवा कोर्टाच्या साहेबांसमोर न्या, आणि माझी झडती बंद दाराआड बाईनेच घ्यावी.' 'राजपत्रित' शब्द मुद्दाम काढला. माल फेकून देईल अशा संशयाने पोलिस तिला तिकडे न नेताही झडती घेऊ शकतात, पण मग त्यांना कारण लिहून बहात्तर तासांत वरिष्ठांना कळवावं लागतं. वाक्य म्हटलेलं असलं तर निदान तो कागद तयार होतो.

तुमच्या भागात अशी केस आली तर पंचनाम्याची प्रत मिळवा. घरात राहणाऱ्याला जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. त्यात चार गोष्टी बघा : हक्काचा कागद बाईच्या नावाचा वेगळा आहे का, तो छापील आहे की तिच्या शब्दांत, झडती घेणाऱ्या बाईचं नाव आणि हुद्दा लिहिला आहे का, आणि वेळ काय घातली आहे. नावगाव काढून या नोंदी आमच्याकडे पाठवा. पुरेशा जमल्या की महिला अधिकाऱ्यांच्या यादीची मागणी घेऊन आम्ही गृहखात्याकडे जाणार आहोत, आणि तेव्हा 'अशा तक्रारी नाहीत' हे उत्तर आम्हाला ऐकायचं नाही.